दोन लहान मुलं, आई आणि मोआबचे लाल दगड

खूप दिवस लिहायचं होतं, राहून जात होतं. परवा एका मैत्रिणीने विचारलं की तुम्ही इतक्या लहान मुलांना घेऊन अमेरिकेतल्या युटा राज्यात मोआबला गेलात ते कसं जमवलंत, तेव्हा तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय.

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये, पाडव्याच्या आदल्या आठवड्यात गेलो होतो. मी, नवरा, सहा वर्षांची लेक, साडेतीन वर्षांचा धाकटा आणि आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई. आई राजापूरकडची, वय ६७, तब्येतीने ठणठणीत पण एक गुडघा दुखरा.

पहिला प्लॅन फार मोठा होता. युटामध्ये पाच नॅशनल पार्क आहेत, झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटल रीफ, कॅन्यनलँड्स आणि आर्चेस, आणि बरेच लोक एका आठवड्यात पाचही करतात, तर आपणही करू असं नवऱ्याने एक्सेल शीटच बनवलं होतं. मग एका रात्री मी त्या शीटमधले गाडीतले तास नुसते बेरीज करून बघितले. मोआब ते झायनच पाच तासांच्या वर. साडेतीन वर्षांचं मूल कार सीटमध्ये बांधून आपण रोज तीन-चार तास त्याला काय दाखवणार, खिडकी? तेव्हा मी सरळ सांगितलं की एकच गाव, एकच हॉटेल, बॅगा एकदाच उघडायच्या. नवरा दोन दिवस नाराज होता कारण त्याला झायन फार बघायचं होतं, आणि ते मला कळत होतं, पण मी मागे हटले नाही.

तारखा ठरवताना एक गोष्ट माहीत असलेली बरी. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मोआबमध्ये जीपवाल्यांचा मोठा मेळा असतो, ईस्टर जीप सफारी म्हणतात, देशभरातून लोक जीप घेऊन येतात आणि गावात खोली मिळणं मुश्किल होतं. २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला होता, म्हणून आम्ही १ एप्रिलचा सोमवार धरला. आपण गावाला जाताना जत्रा कधी आहे ते बघून जातो ना, तसंच.

दुसरी गोष्ट मोआबजवळच्या आर्चेसच्या, म्हणजे दगडी कमानींच्या पार्कच्या, टाइम्ड एंट्रीची. त्या वर्षी १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर सकाळी ७ ते दुपारी ४ या वेळात आत जायला आधी रिझर्व्हेशन लागत होतं, गाडीमागे २ डॉलर, आणि तासाभराचा स्लॉट मिळायचा, त्या तासात गेटवर पोचायचं. हे नियम वर्षावर्षाला बदलतात तेव्हा जायच्या आधी पार्कच्या साइटवर बघाच. मी जानेवारीच्या सुरुवातीलाच दोन दिवसांचे ८ ते ९ चे स्लॉट घेतले. तिसऱ्या दिवसाचा मुद्दाम घेतला नाही, कारण ४ नंतर गेलं तर रिझर्व्हेशन लागतच नव्हतं आणि मुलांची दुपारची झोप होऊन निघायला ती वेळ बरी पडते.

आता सामान. वाळवंट म्हटलं की सगळे उन्हाचं बोलतात, पण एप्रिलमध्ये दुपारी साधारण २२ डिग्री आणि पहाटे ५, म्हणजे स्वेटरही लागतो आणि टोपीही. खरा प्रश्न कोरड्या हवेचा आणि वाऱ्याचा. पार्कवाले माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळपास चार लिटर पाणी सांगतात, आणि आर्चेसच्या आत खायला काही मिळत नाही, पाणीसुद्धा व्हिजिटर सेंटरला आणि पार रस्त्याच्या शेवटच्या टोकाला डेव्हिल्स गार्डनला एवढंच. आम्ही पाण्याचे मोठे कॅन घेतले होते, रोज सकाळी व्हिजिटर सेंटरच्या बाहेर भरायचो. आईने कोकमाचं आगळ आणलं होतं गावाहून, ते साखर-मीठ घालून बाटलीत. मुलं साधं पाणी दोन घोट पिऊन बाटली परत करतात, कोकम मात्र मागून मागून प्यायली. कूलरमध्ये दहीभात, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे धपाटे, काकडी, द्राक्षं. हॉटेल किचन असलेलं घेतलं होतं, त्याचे जास्तीचे पैसे गेले पण रात्री मऊ भात आणि मेतकूट मिळाल्यावर मुलं शांत झोपायची, त्यामुळे ते पैसे मला अजिबात जड वाटले नाहीत.

आणि हो, ट्रेल सुरू होतात तिथे टॉयलेट असतात पण नळ नसतो. धाकट्याचा डायपर नुकताच सुटला होता, तर गाडीच्या डिकीत त्याचं छोटं पॉटी, ओले वाइप्स आणि कपड्यांचे तीन जोड. हे ज्यांना गरज आहे त्यांना कळेलच.

डेन्व्हरहून मोआब साडेपाचशे किलोमीटरच्या वर, न थांबता साडेपाच-सहा तास, आम्हाला नऊ लागले. आयझनहावर बोगदा ११ हजार फुटांच्या वर आहे, तिथे एप्रिलमध्येही बाजूला बर्फाच्या भिंती होत्या, आणि संध्याकाळी लाल वाळू. युटात शिरल्यावर सिस्कोच्या एक्झिटला आय-७० हायवे सोडून १२८ नंबरचा रस्ता घेतला, तो कोलोराडो नदीच्या काठाकाठाने मोआबपर्यंत जातो. दोन्ही बाजूला लाल कडे, मध्ये गढूळ नदी, आणि उन्हं उतरलेली. तोपर्यंत झोपेत असलेली आई एकदम सरळ बसली आणि म्हणाली, "अगो, हा तर जांभा!"

जांभा नाही तो, वालुकाश्म आहे, पण लाल रंगाचं कारण एकच, लोखंड. दगडातलं लोखंड गंजलं की लाल. आमच्या घराच्या चिऱ्यांचा रंग आणि हा रंग आईच्या डोळ्याला सारखाच वाटला आणि त्या क्षणापासून ती त्या प्रदेशात पाहुणी राहिली नाही, हे मी अगदी मनापासून लिहितेय. वळणावळणाचा रस्ता असल्याने धाकट्याला मात्र उलटी झाली, दोनदा. मुलांना गाडी लागत असेल तर १९१ नंबरचा सरळ रस्ता घ्या.

पहिल्या दिवशी आम्ही चूक केली. नऊला पाच मिनिटं कमी असताना गेटवर पोचलो, आणि मग बॅलन्स्ड रॉक, विंडोज, डबल आर्च, लँडस्केप आर्च असं सगळं एकाच दिवशी करायला निघालो. बॅलन्स्ड रॉक १२८ फूट उंच, बारीक मानेवर भलामोठा दगड, तो रस्त्यावरूनही छान दिसतो. डबल आर्चपर्यंत सगळं मजेत होतं, दोन कमानी एकाच बुंध्यातून निघालेल्या, त्यातली मोठी ११२ फूट उंच, खाली उभं राहून वर बघितलं की मान दुखते. तिथून मुलांना उचलून परत गाडीत बसवलं, परत सनस्क्रीन, परत सीटबेल्ट, आणि डेव्हिल्स गार्डनला पोचेपर्यंत अकरा वाजून गेले, वारा सुटला, वाळू डोळ्यात. लँडस्केप आर्चच्या वाटेवर अर्ध्यात धाकटा खाली बसला आणि उठायलाच तयार नाही. लेक रडायला लागली कारण तिला पुढे जायचं होतं. मग मी तिला घेऊन पुढे गेले आणि बाकीचे परत फिरले. ती कमान ३०६ फूट लांब आहे, उत्तर अमेरिकेतली सगळ्यात लांब, आणि मध्ये इतकी बारीक की कशी टिकलीय कळत नाही. १९९१ मध्ये तिचा ६० फुटांचा एक तुकडा पडला, तेव्हापासून खालून जाऊ देत नाहीत. लेकीने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आत्ता पडेल का?" मी म्हटलं माहीत नाही. जवळचीच वॉल आर्च नावाची कमान २००८ मध्ये एका रात्रीत कोसळली होती, ते तिला सांगितलं नाही.

त्या रात्री धाकट्याच्या नाकातून रक्त आलं. उशीवर डाग बघून मी घाबरले. आई कांदा फोडायला निघाली, पण आमच्या डॉक्टरांनी एकदा शिकवलं होतं तसं त्याला थोडं पुढे वाकवून बसवलं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरला, थांबलं. मान मागे टाकायची नाही, रक्त घशात जातं. हवा इतकी कोरडी असते की नाकाची आतली कातडी तडकते. मग खोलीत ओले टॉवेल वाळत घातले आणि रोज झोपताना दोघांच्या नाकपुडीला आतून जरासं व्हॅसलीन, परत काही झालं नाही. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून लिहितेय.

रात्री आम्ही दोघांनी ठरवलं, उद्या एकच जागा. आणि ती सँड ड्यून आर्च.

ही जागा कुठल्या प्रसिद्ध फोटोत फारशी नसते. पार्किंगपासून पाच मिनिटांवर दोन उंच दगडी भिंतींमध्ये एक फट आहे, माणूस जेमतेम जाईल अशी, आणि आत गेलं की अंगण. पायाखाली घोट्यापर्यंत बारीक गुलाबी-नारिंगी वाळू, सावलीतली असल्यामुळे गार, वारा नाही, आणि एका कोपऱ्यात ती कमान. स्ट्रोलरचा काही उपयोग नाही, चाकं वाळूत रुततात, तो गाडीतच ठेवा. आम्ही सकाळी नऊला गेलो ते साडेबारापर्यंत तिथेच. हॉटेलच्या किचनमधले दोन चमचे आणि स्टीलच्या वाट्या एवढीच खेळणी. मुलांनी वाळूच्या भाकऱ्या थापल्या, आजीला वाढल्या, भिंतीवरून घसरले, वाळूत गाडून घेतलं. कमानीवर चढायला आणि उड्या मारायला बंदी आहे, ती एवढी एक गोष्ट बजावावी लागली. आई भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती, चपला काढून. मी दोन वर्षांत तिला इतकं निवांत बसलेलं बघितलं नव्हतं.

तिथेच लेकीने विचारलं की ही भोकं कोणी पाडली. मला उत्तर माहीत होतं कारण आदल्या दिवशी व्हिजिटर सेंटरला वाचलं होतं, पण सहा वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? मग आईनेच सांगितलं, पुरणपोळीवरून. म्हणजे असं की तीसेक कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तो परत परत आला आणि आटला, खाली मिठाचा प्रचंड जाड थर राहिला. त्यावर वाळू, माती, दगड साचत गेले. मीठ दाबाखाली पुरणासारखं सरकतं, जास्त लाटलं की पुरण एका बाजूला जमा होतं आणि तिथे पोळी फुगून वरून तडकते, तसं वरचे दगड लांबच लांब तडकले. भेगांमध्ये पाणी गेलं, थंडीत त्याचा बर्फ झाला, बर्फ फुगतो, भेगा रुंद झाल्या आणि मध्ये या पातळ भिंती उरल्या. मग भिंतींनाच खालून मऊ जागी पाणी कुरतडत गेलं आणि भोकं पडली. अशा दोन हजारांच्या वर कमानी या एका पार्कमध्ये आहेत. लेकीने हे सगळं ऐकून घेतलं आणि पुढचे दोन दिवस भेटेल त्याला मोडक्या इंग्लिशमध्ये पुरणपोळीची गोष्ट सांगत होती.

ज्युनियर रेंजरचं पुस्तक मुलांना जरूर द्या, व्हिजिटर सेंटरला फुकट मिळतं. त्यात चित्रं काढायची, प्राणी ओळखायचे, रेंजरशी बोलायचं, असं पूर्ण केलं की रेंजर समोर उभं करून हात वर करून शपथ देतात आणि बॅज मिळतो. त्या पुस्तकातून कळलेली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे तिथली माती. वाटेच्या बाजूला वाळूवर काळपट, खडबडीत, उंचसखल असा एक थर दिसतो, आपल्याला वाटतं घाण आहे. ती जिवंत असते. बारीक जिवाणू, शेवाळं, दगडफूल असं मिळून वाळू धरून ठेवतात, त्यामुळे वारा ती उडवून नेत नाही आणि झाडं रुजतात. एक पाय पडला की मोडते आणि परत यायला कित्येक वर्षं लागतात, काही ठिकाणी माणसाचं अख्खं आयुष्य. लहान मुलांना "सॉइल क्रस्ट" म्हणून काही कळत नाही. आईने त्यांना सांगितलं, "जमिनीला खपली धरलीय, ती काढायची नाही." दोघांचेही गुडघे तेव्हा फुटलेले होते, लगेच समजलं. त्यानंतर धाकटा वाटेवरून चालताना स्वतःच ओरडायचा, खपली खपली! एक मोठा माणूस फोटोसाठी वाटेबाहेर उतरत होता, त्यालाही लेकीने अडवलं, आणि तो सॉरी म्हणून मागे आला. मला तिचा फार अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी गॉब्लिन व्हॅलीला गेलो, मोआबहून पावणेदोन तास. हे स्टेट पार्क आहे. दरीभर माणसाएवढे, हत्तीएवढे, अळंबीसारखे डोकं मोठं आणि मान बारीक असे हजारो लाल दगड, आणि आखलेली वाट नाही, मुलांनी कुठेही फिरावं. आमच्या मुलांची लपाछपी दोन तास चालली. फक्त सगळे दगड सारखेच दिसतात, दहा पावलांवर मूल दिसेनासं होतं, म्हणून दोघांच्या गळ्यात शिट्टी, भडक रंगाचे कपडे, आणि एक मोठा माणूस कायम उंच जागी. दगडांना ढकलायचं नाही हे सांगून ठेवा. २०१३ मध्ये काही मोठ्या माणसांनी इथला एक दगड ढकलून पाडला आणि त्याचा व्हिडिओ काढला, कोर्टात केस झाली त्यांच्यावर. लाखो वर्षांचं काम एका मिनिटात, मला अजूनही त्याचा राग येतो. तिकडे जाताना ग्रीन रिव्हर गावात पेट्रोल भरून घ्या, तिथून पुढे आय-७० वर सलायनापर्यंत जवळपास १७० किलोमीटर पंप नाही, हॉटेल नाही. आम्ही मध्येच दक्षिणेला वळलो पण तरी टाकी भरली.

शेवटची संध्याकाळ डेलिकेट आर्चची. युटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर असते ती कमान. जाऊन-येऊन जवळपास पाच किलोमीटर, सावली नाही, उघड्या दगडावरची चढण आणि शेवटी कड्याला लागून एक अरुंद वाट. साडेतीन वर्षांचं मूल आणि दुखरा गुडघा, आम्ही सगळे जाणं शक्यच नव्हतं. मग ठरलं की नवरा आणि लेक वर जातील, आम्ही तिघं खालच्या व्ह्यूपॉइंटला थांबू, जिथून ती मैलभर लांबून दिसते आणि चालायला शंभर पावलंसुद्धा नाहीत. फोनला रेंज नाही, म्हणून वेळ ठरवली, पावणेसात ते सात या वेळात त्यांनी कमानीखालून हात करायचा. लेकीला निळं जॅकेट घातलं, लालवर उठून दिसावं म्हणून. बॅगेत दोन टॉर्च, परतताना अंधार होणार.

चढण सुरू होते तिथे वुल्फ रँच नावाची लाकडी खोपटी आहे. जॉन वेस्ली वुल्फ नावाचा माणूस १८९८ मध्ये ओहायोहून मुलाला घेऊन इथे गुरं पाळायला आला, आणि १९०६ मध्ये त्याची मुलगी, जावई आणि दोन लहान नातवंडं आली तेव्हा तिच्या आग्रहाखातर त्याने लाकडी जमिनीची ही नवी खोली बांधली. एकच खोली. मी दारातून आत बघत राहिले, या वाऱ्यात, या पाण्यात ती बाई दोन पोरं कशी सांभाळत असेल. आणि आपण दहीभाताचा कूलर घेऊन फिरतोय.

पुढे ओढ्यावरचा पूल ओलांडला की डाव्या हाताला कड्यावर चित्रं कोरलेली आहेत. घोडे, घोड्यावर माणसं, मोठ्या शिंगांच्या मेंढ्या. इथल्या मूळच्या युट लोकांनी १६५० ते १८५० च्या दरम्यान कधीतरी कोरलेली. आई तिथे खिळलीच. ती लहानपणी सड्यावर गुरं घेऊन जायची तेव्हा तिथल्या कातळावर असेच प्राणी कोरलेले तिने बघितलेत, गावात म्हणायचे पांडवांनी काढलेत. तीच कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती ही गोष्ट धाकट्याला सांगत होती, की आमच्याकडे आडवी असतात, जमिनीवर, त्यावर उभं राहून बघायचं, आणि इथे उभी आहेत. तो म्हणाला, "मग त्यांच्यावर पण पाय द्यायचा नाही." आई म्हणाली, "नाय रे बाबा, आम्ही चपला काढायचो."

व्ह्यूपॉइंटला पोचलो तेव्हा साडेसहा. शेजाऱ्यांकडून दुर्बीण आणली होती. कमान नुसत्या डोळ्यांना अगदी बोटाच्या पेराएवढी दिसते, तिच्या पोटातली मोकळी जागाच ४६ फूट उंच आहे हे पटत नाही, मग बाजूला मुंगीसारखी माणसं दिसतात तेव्हा कळतं. ऊन उतरत होतं, दगड आधी नारिंगी मग तांबडा झाला. पावणेसात झाले, सात झाले, निळं काही दिसेना. माझ्या पोटात गोळा आला, कारण ती कड्याची वाट मी फोटोत बघितली होती. सव्वासात. धाकट्याला थंडी वाजायला लागली, आईने त्याला पदरात घेतलं. आणि मग दुर्बिणीतून एक निळा ठिपका. तो कमानीखाली आला, थांबला, आणि हलत होता. मी आईला दुर्बीण दिली, तिने चष्मा काढून, घालून, परत काढून बघितलं.

ते दोघं खाली आले तेव्हा अंधार पडला होता आणि चांदण्या इतक्या की धाकटा बोट करून दमला. चढताना लेकीचे पाय दुखले होते, दोनदा बसावं लागलं, म्हणून उशीर. धावत येऊन तिने पहिल्यांदा आजीलाच विचारलं, "आजी, मी हात केला, तुला दिसला?"

"दिसला गो बाय माझे. दोन्ही हात केलेस."

तिने खरंच दोन्ही हात केले होते.

परत येताना लेकीला थोडी वाळू बाटलीतून घरी न्यायची होती, पण पार्कमधून काही उचलून न्यायचं नाही हे तिच्याच शपथेत होतं, तिने आपणहून ओतून टाकली. तरी बुटात, कार सीटच्या खाचांत यायची ती आलीच, मी पाडव्याच्या आदल्या दिवशी दोन तास व्हॅक्यूम करत होते. आईच्या पांढऱ्या मोज्यांचा लाल रंग मात्र तीनदा धुऊनही गेला नाही. ती म्हणाली ठेव तसेच, राजापूरला तरी कुठे जातो.